ट्रेमधली होडी कोणी हलवायची

ज्या गावात अंगणात, चपलेत, अंथरुणात, सगळीकडे वाळू सापडते, त्या डहाणूत मी वाळू कुरियरने मागवली. धुतलेली, गाळलेली, पांढरीशुभ्र. नवरा बराच वेळ पिशवीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आता समुद्रपण मागवून घे. एकदमच येईल."

मी समुपदेशक आहे. मुंबईत शिकताना मला वाळूच्या ट्रेचं काम फार आवडलं होतं. निळ्या तळाचा लाकडी ट्रे, त्यात वाळू, शेजारी फडताळावर माणसं, घरं, प्राणी, झाडं अशा चिमुकल्या वस्तू. ज्याला मनातलं बोलता येत नाही, त्याने ते वाळूत मांडायचं. आपण सल्ला द्यायचा नाही, अर्थ सांगायचा नाही, ट्रेला हात लावायचा नाही. माणसाला त्याची वाट सापडेल असा विश्वास ठेवून नुसतं सोबत बसायचं. ऐकायला किती छान! आमच्याकडे मात्र सल्ला न देणाऱ्या बाईला काहीच येत नाही असं समजतात, हे कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

वस्तूंचा संच जिथून आला तिथल्या लोकांची दुःखं बहुधा थंड प्रदेशातली असावीत. संचात पांढरं अस्वल होतं, बर्फाचा माणूस होता, बुरुजांचा किल्ला होता. मासेमारीची होडी नव्हती. ती मी जत्रेतून आणली.

माझी एक खोली डहाणूत आणि एक तलासरीत. मन हलकं करायला लोक आपापल्या गावातल्या खोलीत येतील, हा माझा गोड समज होता. प्रत्यक्षात डहाणूचे लोक तलासरीला येत आणि तलासरीचे डहाणूला. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून निघालेले हे लोक एकमेकांना बसमध्ये नक्की भेटत असणार.

तशीच एक बाई किनाऱ्यावरून तलासरीला आली. मासळी विकणारी, चाळिशीच्या आतली. झोप लागत नव्हती, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरने तिला माझ्याकडे पाठवलं होतं. तिचा नवरा जन्मभर होडीवर होता. वादळातून कितीदा सुखरूप परत आला, आणि गेला तो चारोटीला, हायवे ओलांडताना ट्रकखाली. तेव्हापासून घरात ती आणि सासू, दोघीच. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं ते मांजराशी. "सांग तिला, भात झालाय." मांजर सांगायचं की नाही कोण जाणे, पण जेवणं होत होती.

सासूही सोबत आली होती. सून एकटी कुणाकडे जाते, ते बघायला. दाराजवळच्या खुर्चीवर आमच्याकडे पाठ करून बसली. चालेल का, असं मी सुनेला विचारलं.

"बसू दे," सून म्हणाली. "नायतर घरी जाऊन मांजराला विचारील."

मग ती ट्रेपाशी बसली. आधी हाताने नुसती वाळू सारत राहिली. एका कडेला निळा तळ उघडा झाला, तो समुद्र. त्याच्यापासून लांब तिने घर ठेवलं आणि घरापाशी होडी, उलटी. दुसऱ्या कडेला बोटाने सरळ रेघ ओढली. फडताळावर ट्रक शोधला. नव्हता. तेव्हा तिने पांढरं अस्वल उचलून रेघेवर ठेवलं. अस्वलापुढे एक माणूस. आडवा.

त्या अस्वलावर इतके दिवस मीच विनोद केले होते. आता त्याच्याकडे बघवेना.

खुर्ची करकरली. सासू कधी वळली होती ते मला कळलं नव्हतं. ती उठून आली आणि तिने होडी सरळ केली. "पावसाळा आहे का होडी उलटी ठेवायला?"

सुनेने होडी पुन्हा उलटी केली. "ट्रे माझा आहे."

"होडी माझ्या पोराची आहे."

दुसऱ्याच्या ट्रेला कुणी हात लावला तर काय करायचं, हे मी शिकले होते. सासूने लावला तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. शिवाय त्या मांजराशिवाय बोलत होत्या. मी मध्ये पडले नाही.

"आणि त्याला आडवा कशाला ठेवलास? उभा कर."

"उभा करून येणार हाय का परत?"

सासूचा आवाज एकदम खाली आला. "बोल की सरळ. मीच पाठवला त्याला गंजाडला, सुकी मासळी देऊन तांदूळ आणायला. सगळ्यांना ठाऊक आहे. तू बोलत नाहीस म्हणून काय मला कळत नाही?"

सून गर्रकन तिच्याकडे वळली. "गंजाडला तुमी पाठवलात. पण चारोटीला माझ्यामुळे गेला. सकाळी मी भांडले, तो न खाता निघाला. काम झाल्यावर भूक लागली म्हणून पुढे चारोटीला हॉटेलात खायला गेला. मला वाटलं, तुमी त्याचाच राग धरलाय."

"मी पाठवलाच नसता तर?"

"मी जेवू घातला असता तर?"

असं बराच वेळ चाललं. दोष दुसरीवर ढकलणारी माणसं मी रोज बघते. इथे दोघी तो एकमेकींच्या हातातून ओढून घेत होत्या. शेवटी मी माझं शिक्षण बाहेर काढलं. हळुवार आवाजात म्हणाले, "ते आपल्यामुळे गेले, असं तुम्हा दोघींनाही वाटतंय."

"मग एवढा वेळ काय बोलतोय आम्ही?" सासू म्हणाली.

पण ती रडत होती. तिने तो माणूस उचलला, अंगावरची वाळू पदराने पुसली आणि मुठीत धरून बसली. सुनेने तिच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळाने म्हणाली, "ठेवा आय. प्लॅस्टिकचा आहे तो." सासूने त्याला होडीत ठेवलं. होडी या वेळी सुनेनेच सरळ केली.

त्यानंतरही त्या येत राहिल्या. सुनेला हळूहळू झोप लागायला लागली. दोघींत गोडवा वगैरे काही आला नाही. आता त्या एकमेकींशी थेट आणि मोकळ्या गळ्याने भांडतात. बाजारात एकाच टोपलीशी बसतात, आणि मी गेले की बोंबील कुठले घ्यायचे यावरून त्यांचं एकमत होत नाही.

हे लिहू का, असं मी दोघींना विचारलं. सून लाजून "लिहा" म्हणाली. सासूने अट घातली.

"लिही. पण सून चांगली आहे असं लिहू नको. डोक्यावर बसेल."