बिरसीच्या वाऱ्याचा राखणदार

भेटला की तो आधी करंगळी ओली करून वर धरायचा. "हवा आमगावाकडून येऊन राह्यली, मास्तर." मग रामराम.

लढाईत इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी बांधली, तेव्हा तो विमानाच्या मिस्त्र्यांच्या हाताखाली होता. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, विमानं गेली. राखणीला हा उरला आणि खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी बाही. गाव तिला पायजमा म्हणे.

मी कामठ्याच्या शाळेत मास्तर. गोंदियाहून आणलेली विमानांची पुस्तकं त्याला वाचून दाखवायचो. लढाऊ विमानाचा पंख आधी लहान आकाराचा करतात आणि बोगद्यात वारा सोडून तपासतात, हे ऐकून तो हसतच सुटला.

"हवा कोंडून ठेवतेत? कायले? बिरसीले या म्हना, मोकळी हाय."

पण दुसऱ्याच दिवशी त्याने बांबूच्या कामट्यांना कागद चिकटवून पंख केला आणि बायकोला सुपाने वारा घालायला बसवलं. पंख खरंच उचलला गेला.

"चुलीले हवा घाला म्हनलं का ह्यांचे हात दुखतेत," ती मला म्हणाली.

धास्ती त्याला एकच होती. विमानच उतरत नाही तर राखणदार कशाला, असं तपासणीला आलेले साहेब सुनावून गेले होते. त्यात गावच्या बाया पट्टीवर धान उपणायला येत.

"विमान आलं तं काय करान वो?" तो त्यांना दटावायचा.

"त्यालेही एक सूप देऊ, भाऊ."

आणि एका रविवारी विमान खरंच आलं. लहानसं, घिरट्या घालणारं. मी तिथेच होतो. पट्टीभर धान, आणि फाटलेली बाही ठिगळ लावायला घरी नेलेली. खांब बोडका. वारा कुठला, हे वैमानिकाला कळणार कसं?

सगळ्यांनी मिळून धान कडेला ओढलं. त्याने सवयीने करंगळी वर केली, ती वरून दिसणार नाही हे ओळखलं आणि ओरडला, "उपना बायांनो, थांबू नोका."

बाया कडेला ओळीने उभ्या राहिल्या. डोक्यावरच्या सुपांतून फोल लांबवर पिवळं उडत गेलं. विमानाने आणखी एक फेरी घेतली, वाऱ्याला सामोरं वळलं आणि अलगद उतरलं.

"यह भूसा किसने उड़वाया?" वैमानिकाने विचारलं.

"मैंने, साहब." त्याचा चेहरा पडला होता.

"अच्छा किया. हवा उसी से समझे."

नोकरी टिकली. बायांना पट्टीच्या कडेला हक्काची जागा मिळाली. "हाकललं तं विमान कसं उतरन?" असं तो मलाच विचारू लागला.

परवा तो गेला. नाल्याकाठी चिता रचली. अग्नी देण्याआधी एका म्हाताऱ्याने विचारलं, "हवा कोनीकडून हाय?"

आम्ही सगळ्यांनी चितेवरच्या त्याच्याकडेच पाहिलं. मग कुणीतरी हसलं, आणि तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता.

मी करंगळी ओली करून वर धरली. आमगावाकडून होती.