माधवनगरातला शाकाहारी समुद्र

भरतेश मगदूमचं माधवनगरात टॉवेल-चादरींचं दुकान आहे. माणूस इतका शांत, की गिऱ्हाइकानं ढीगभर चादरी उलगडायला लावून एकही घेतली नाही, तरी तो हसत परत घड्या घालतो. आयुष्यात एकदाच त्यानं घाई केली, ती कॉलेजात असताना. पुण्याहून खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे आणले, काचेच्या टाकीत पाणी भरलं, मीठ ढवळलं आणि त्याच संध्याकाळी मासे आत सोडले. आठवडा संपायच्या आत सगळे पोट वर करून तरंगले. त्याच्या आई चंदनबाला, म्हणजे गल्लीच्या आक्का, यांनी जीवहत्येचं प्रायश्चित्त म्हणून उपास धरले. टाकी भंगारात गेली आणि विषय संपला.

संपला असं सगळ्यांना वाटलं. पुढं भरतेशचं लग्न झालं, मुलगी मोठी होऊन इंजिनिअरिंगला बेंगळुरूला गेली, आणि मोकळ्या झालेल्या संध्याकाळी तो मोबाईलवर समुद्राखालचे व्हिडिओ बघू लागला. एके दिवशी टेम्पोतून नवी टाकी उतरली. पाठोपाठ मिठाची पोती.

शेजारचे हंबीरराव, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार, फाटकातच उभे होते.

"काय रं भरतेश, लोणच्याचा कारखाना काढतोस का काय?"

"समुद्र करतोय, काका."

"आरं, सांगलीत कृष्णा हाय की! समुद्र कशाला?"

या वेळी भरतेशनं घाई करायची नाही असं ठरवलं होतं. टाकीत खारं पाणी, तळाला पांढरी वाळू, वर सच्छिद्र दगडांची रचना, आणि बस्स. मासा नाही. पंपानं नुसतं पाणी गरगरत राहिलं. गल्ली बघायला आली आणि दगड बघून परत गेली. हंबीरराव मात्र रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला हजर. "मी अंदमानात होतो तवा समुद्र बघितलाय. त्यात मासं असत्यात. तुझ्या दगडांनी पिल्लं घातली का?"

"काका, आधी दगडात जंतू वाढावे लागतात. ते माशांची घाण पचवतात. मागच्या वेळी तेच चुकलं होतं."

हे आक्कांनी ऐकलं. जैनांच्या रीतीप्रमाणं त्या आजही नळाला पांढरं फडकं बांधून पाणी गाळतात.

"जंतू? आमी जन्मभर पाणी गाळून पितोय, आणि तू घरात जंतू वाढवतोस?"

"वाढवतोच आहे ना आक्का, मारत नाही."

आक्का देवघरात निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र तयारीनं आल्या. "त्या माशाला खायला काय घालणार?"

"गोळ्या मिळतात."

"कशाच्या?"

भरतेशनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. त्याची बायको प्राची हिनं चष्मा लावून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं. "आक्का, यात मासळीची भुकटी आहे. आणि कोळंबी."

पाकीट त्याच पावली दुकानदाराकडं परत गेलं. भरतेश रोज दुकानातून आला, की मोबाईलवर माशांचे आहार शोधत बसायचा. शेवटी त्याला एक मासा सापडला. बोटाएवढा, तपकिरी, बटबटीत डोळ्यांचा, दिसायला अगदी सामान्य. पण दगडावरचं शेवाळं खरवडून जगणारा. तोवर टाकीतले दगडही शेवाळ्यानं तपकिरी होऊन गंजल्यासारखे दिसत होते. त्यामुळं मासा आला तो थेट जेवायलाच बसला.

आक्का लांबूनच बघत होत्या. "दिवा मालवल्यावर काय करतो?"

"बिळात शिरून झोपतो. अंधार पडल्यावर काही खात नाही."

"सूर्यास्तानंतर खात न्हाई?" आक्का पहिल्यांदाच टाकीजवळ आल्या. "मग हा आपल्यातलाच हाय की!"

तरी त्या टाकीला हात लावत नव्हत्या. तो प्रसंग उन्हाळ्यात आला. भरतेश लग्नाला आटपाडीला गेला होता. ऐन दुपारी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला आणि गल्लीची वीज गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ तग धरला, मग चिरकला आणि तोही गेला. पंप थांबला. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. प्राचीनं घाबरून फोन लावला.

"अहो, काय करू?"

"पाणी हलतं ठेव! हवा मिसळली पाहिजे. मी निघालो!"

प्राचीनं स्वयंपाकघरातला डाव घेतला आणि ढवळायला लागली. दहा मिनिटांत हात भरून आला. हंबीरराव धावत आले, परिस्थिती बघितली आणि एकदम पलटणीत गेले. "पाळ्या लावायच्या! सुनबाई, तुमी बसा. मी तांब्यानं वरनं पाणी सोडतो." त्यांनी सोडलेल्या पाण्यानं वाळूत खड्डा पडला आणि मासा दगडामागं लपला.

"आवं, जीव घ्याल त्याचा! सरा तिकडं," मागून आक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात ताक घुसळायची लाकडी रवी होती. स्टूल ओढून त्या टाकीशी बसल्या, पदर खोचला आणि दोन्ही तळव्यांत रवी धरून वरचं पाणी हलकेच घुसळायला लागल्या. घुर्र, घुर्र. बुडबुडे उठले. मासा दगडामागनं डोकावला.

भरतेश घामाघूम होऊन दारात पोचला, तेव्हा आई समुद्र घुसळत होती, बायको वारा घालत होती आणि हंबीरराव "शाब्बास आक्का, अजून थोडं!" असा हुकूम देत होते. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "ताकाची रवी?"

"कोरी हाय. खरसुंडीच्या जत्रेतली. उकळत्या पाण्यातनं काढलीया," आक्का न थांबता म्हणाल्या. "बघत काय हुबा ऱ्हायलास? हात धू आणि ये. लय दुखायला लागलं माझं मनगट."

वीज दिवेलागणीला आली. मासा जगला. आक्कांचं मनगट महिनाभर हळद-तेलानं शेकावं लागलं, आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आधी मासा दाखवला, मग मनगट.

पावसाळा सरता सरता पुण्यातल्या एका हौशी माणसानं आपल्या टाकीत वाढवलेल्या मऊ पोवळ्याचा, म्हणजे जिवंत प्रवाळाचा, तुकडा भरतेशला दिला. दोन दिवस तो मुटकुळं करून पडला. तिसऱ्या सकाळी उमलला, हिरवा, बशीसारखा.

"हे काय खातं?" आक्कांनी विचारलं.

"उजेडावर जगतं, आक्का."

"काहीच खात न्हाई?" त्या काचेजवळ वाकल्या. "मग ते आपल्या पुढं गेलं."

आता आक्कांना त्या माशाला सोबत हवी आहे. अट एकच, शाकाहारी. भरतेशनं पिवळ्या रंगाचा एक मासा शोधलाय, पण त्याला याच्या दुप्पट लांबीची टाकी लागते, आणि तेवढी जागा फक्त शोकेसच्या भिंतीला आहे. शोकेस प्राचीच्या माहेरचं. त्यावर सध्या तिघांपैकी कोणीच काही बोलत नाही. हंबीरराव तेवढे काल येऊन टेपानं भिंत मोजून गेले.