आम्ही

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन झालं की पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, येते. छापील कागद हातात धरून सगळी मंडळी एका सुरात म्हणते, "आम्ही चुकलो आहोत." काल पुढच्या बाकावरच्या शांताबाई मात्र मोठ्याने म्हणाल्या, "मी चुकले आहे." वाचन तिथेच अडखळलं.

"मावशी, कागदावर 'आम्ही' आहे," शेजारची बाई कुजबुजली.

"दिसतंय मला," शांताबाई म्हणाल्या.

'आम्ही' हा फार ऐसपैस शब्द आहे. अख्खं चर्च त्यात मावतं आणि चेहरा कुणाचाच दिसत नाही. मीही इतकी वर्षं त्यात बसून होतो, अगदी आरामात. आई गेली तेव्हा मी तेव्हा परगावी असलेल्या थोरल्या भावाला, दादाला, मुद्दाम उशिरा कळवलं. तो पोचला तेव्हा आईला माती देऊन झाली होती. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी 'आम्ही' म्हणत आलो.

"सुरुवातीपासून घेऊ या," उपासना चालवणारे पाळक म्हणाले. कागद पुन्हा वर गेले. मी तोंड उघडलं, पण पहिला शब्दच निघेना. पलीकडच्या रांगेत दादा उभा होता. कागद खाली करून तो माझ्याकडे बघत होता.