शिवलेले खिसे

नातीचा नवा गणवेश आनंद नगरच्या दुकानातून आणला. घडी उलगडताच खळीचा वास आला आणि मी थेट माझ्या हिंदी शाळेतल्या पाचवीच्या वर्गात जाऊन पोचले.

बाईंचं घड्याळ टेबलावरून नाहीसं झालं होतं. त्यांनी सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. पोरींच्या खिशांतून बोरं निघाली, चिंचोके निघाले. माझे खिसे उलटेनात, कारण दर वर्षी शाळा सुरू होताना बाबा ते जाड दोऱ्याने शिवून टाकत.

"जेब सिली क्यों है? क्या छुपाया है?" म्हणत बाईंनी ब्लेडने टाके उसवले. आत काहीच नव्हतं. घड्याळ नंतर त्यांच्याच पर्समध्ये सापडलं, पण तोवर शेजारची मैत्रीण बाकावर लांब सरकून बसली होती.

बाबा कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी त्यांनी ते उसवलेले खिसे बराच वेळ चाचपले. मग म्हणाले, "इंग्रजांनी आमची अख्खी जमात चोर ठरवून सोलापूरला तारेच्या कुंपणात कोंडली होती. शाळासुद्धा आतच. सुटताना मास्तर रोज खिसे तपासायचे. आईने माझे शिवूनच टाकले. खिसाच नाही, तर तपासणार काय?"

गोरे साहेब केव्हाच गेले आणि बाबा अजून खिसे शिवत बसलेत, म्हणून मी तेव्हा चिडले होते.

नात गणवेश घालून आली. दोन्ही हात खिशात घालून आरशासमोर उभी राहिली.

"आजी, छान दिसतोय ना?"

"आधी हात बाहेर काढ," मी म्हणाले.