अण्णांचा नांदेडचा नाष्टा

आई गेल्यावर अण्णा लातूरला माझ्याकडे राहायला आले. मधूनमधून ते नांदेडला माझ्या धाकट्या बहिणीकडे जात. निघताना आठ दिवसांचे कपडे पिशवीत भरत आणि महिना उलटला तरी परतायचं नाव काढत नसत. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. लेकीचं घर आहे, नातवंडं आहेत, रमत असतील.

मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पहिली बॅच उजाडायच्या आधीच सुरू होते. एकदा दोन बॅचच्या मधल्या वेळात मी अण्णांना फोन लावला, तर मागून माणसांचा, भांड्यांचा, रिक्षांचा असा गलका ऐकू आला की आधी वाटलं, फोन दुसऱ्याच कुणाला लागला. कुठे आहात, असं विचारलं. ते म्हणाले, बाजारात आहे, जावईबापूंसोबत नाष्टा करून राहिलोय, नंतर बोलू. आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी फळ्यावर मी एक सोपं गणित चुकवलं.

माझ्या अण्णांना ओळखणाऱ्या कुणालाही हे पटलं नसतं. सगळी नोकरी त्यांनी शाळेत काढली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक म्हणून. बाहेर खाणं त्यांना मुळीच चालत नसे. लहानपणी वह्या-पुस्तकं घ्यायला ते मला गंजगोलाईच्या बाजारात न्यायचे, तेव्हा भज्यांच्या गाड्यापाशी त्यांची पावलं जोरात पडत आणि माझ्या हातावरची पकड घट्ट होई. मी मान वळवून कढईकडे बघायचो. घरी आईनं केलंय, एवढंच ते म्हणत. त्यांच्याबरोबर एखाद्या गाड्यावर उभं राहून मी कधी शेंगदाणासुद्धा खाल्लेला नव्हता.

बहिणीनं सगळं हसत हसत सांगितलं. ती शिक्षिका आहे, शाळा सकाळची. दाजी तिला शाळेत सोडतात, परत येऊन अण्णांना स्कूटरवर बसवतात आणि भाजी आणायला इतवाऱ्याकडच्या बाजारात नेतात. तिथंच दोघं खातात आणि मग अण्णांना घरी सोडून दाजी विष्णुपुरीला कॉलेजवर जातात, तिथल्या ऑफिसात ते कामाला आहेत. एक दिवस इडली-वडा, एक दिवस पुरी-भाजी, बाकी रोज उग्गाणी. उग्गाणी म्हणजे काय, मी विचारलं. ती म्हणाली, अरे, आपला सुशीलाच की. भिजवलेले मुरमुरे फोडणीत घालायचे, वरून फुटाण्याचं पीठ. तो गाडेवाला धर्माबादकडचा आहे, तो त्याला उग्गाणी म्हणतो. सोबत मिरचीची भजी. अण्णा दोन प्लेटी खातात.

माझी बायको आठवड्यातून एकदा तरी सुशीला करते. मुरमुऱ्यानं पोट फुगतं म्हणून अण्णा अर्धा ताटलीतच सोडतात. मी हे बायकोला सांगितलं नाही. एकटाच मनात घोळवत राहिलो.

पुढच्या वेळी अण्णा लातूरला परत आले तेव्हा एका रविवारी मी बॅच दुसऱ्या सरांकडे सोपवली आणि त्यांना गोलाईत नाष्ट्याला घेऊन गेलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. पोह्यांची प्लेट हातात आली आणि पहिला घास घेतला तोच एक पोक्त माणूस येऊन त्यांच्या पाया पडला. सर, ओळखलं का? अण्णांनी प्लेट खाली ठेवली, रुमालानं हात पुसला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. तो जातो न जातो तोच समोरच्या कापडाच्या दुकानातून दुसऱ्यानं हाक मारली. पोहे गार झाले. अण्णांनी अर्धेच खाल्ले, चांगले होते म्हणाले आणि घरी जाऊया म्हणाले. पुढच्या रविवारी परत येऊ, असं मी म्हटलं तर म्हणाले, कशाला, तुला घाई असते.

ते वाक्य मला लागलं. दाजींना घाई नसते, मला असते. मी कमावतो, औषधं आणतो, डॉक्टरांकडे नेतो आणि अण्णांसोबत बोटं चाटून खायचा मान जावयाचा.

एक बॅच संपली आणि क्लास आठवडाभर बंद होता. तेव्हा अण्णा नांदेडलाच होते. तिकडे काम आहे असं सांगून मी गेलो. काम काहीच नव्हतं. मला तो बाजार बघायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. अण्णा दाजींच्या मागं बसले आणि त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. मी शेजाऱ्यांची स्कूटी घेऊन मागून चाललो होतो. सगळा रस्ताभर मला तो हातच दिसत होता.

बाजार भरात आला होता. देगलूरकडून आलेल्या गाड्यांमधून मिरच्यांची पोती उतरत होती, बायका मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या, हमाल मराठीत, उर्दूत आणि तेलगूत वाट मागत होते. उग्गाणीच्या गाड्याभोवती बसायला काही नव्हतं. अण्णांनी टमाट्याचा एक रिकामा क्रेट स्वतःच उलटा केला आणि त्यावर बसले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. गाडेवाल्यानं न विचारताच प्लेट दिली. अण्णा पाचही बोटांनी खात होते, भजं मोडून फुंकर घालत होते, मिरची लागली की सी-सी करत होते. मध्येच त्यांनी आपल्यातलं अर्धं भजं दाजींच्या प्लेटमध्ये टाकलं. दाजींनी बघितलंसुद्धा नाही, सरळ तोंडात घातलं. रोजचंच होतं ते.

गाडेवाल्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "चचा, हे कोण?"

"हा माझा मुलगा," अण्णा म्हणाले. "लातूरला असतो."

"मग हे?" त्यानं झारा दाजींकडे केला.

"हे जावई."

तो हसला. "मी तर इतके दिवस यांनाच लेक समजून राहिलो होतो."

अण्णा भजं चावत राहिले. दाजींचा चेहरा उतरला. दादा, कांदा घ्या, असं म्हणत त्यांनी कांद्याची वाटी माझ्यापुढं सरकवली. समोरची उग्गाणी उत्तम होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचाही राग येत होता. मी प्लेट संपवली नाही. इतक्या दिवसांत एकदाही, अरे हा माझा मुलगा नव्हे, मुलगा तिकडे लातूरला आहे, असं म्हणावंसं त्यांना वाटलं नव्हतं.

दुपारी बहीण शाळेतून आली तेव्हा मी तिच्यावर चिडलो. तुम्ही अण्णांना आपल्याकडे ओढून घेतलंय, असं काहीसं बोलून गेलो. ती आधी गोंधळली, मग तिलाही राग आला. वर्षातले किती महिने ते तुझ्याकडे असतात ते बघ, म्हणाली. दाजी त्या दिवशी कॉलेजातून लवकर घरी आले होते, बाहेर चपला काढत होते. त्यांनी ऐकलं असणार.

पुढच्या दिवशी सकाळी दाजींनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. आज कॉलेजला लवकर बोलावलंय, म्हणाले, मी रिक्षानं जाईन, तुम्हीच अण्णांना घेऊन जा. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं. अंगात घरचा बनियन होता आणि हातात नुकताच केलेला चहा. त्यांचं मन मोठं होतं आणि ते मला त्या क्षणी अजिबात सहन झालं नाही. माझे वडील मला दुसऱ्यानं काढून द्यावेत, तसं वाटलं.

अण्णा माझ्या मागं बसले. त्यांनी सीटमागची दांडी धरली होती. मला ते आरशात दिसलं.

गाड्यापाशी ते क्रेटवर बसले, पण बाह्या वर केल्या नाहीत. चमचा मागून घेतला. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

"अण्णा, माझ्यासोबत असं कधी का नाही खाल्लंत?"

त्यांनी चमचा प्लेटमध्ये ठेवला.

"लातूरला मी सर आहे रे," ते म्हणाले. "गोलाईत तोंड उघडलं की कुणीतरी पाया पडायला वाकतं. पाया पडणाऱ्यासमोर भजं कसं चावायचं? इथं मला कुणी ओळखत नाही. चचा म्हणतात. बरं वाटतं."

"पण मी कुठं तुमच्या पाया पडायला येतो? मी तर मुलगा आहे."

"तू तर सगळ्यात जास्त." ते थोडं हसले. "तुझा हात धरून असल्याच गाड्यांसमोरून ओढत न्यायचो मी तुला. बाहेरचं खाणं वाईट, हे तुला मीच शिकवलं. आता तुझ्यासमोर बसून बोटं चाटायची मला लाज वाटते. जावयाला मी काही शिकवलेलंच नाही."

लातूरला मला वाटत होतं की अण्णांचं माझ्यावर कमी प्रेम आहे. आता कळलं की तसं नाही. त्यानं मनातली आग थोडी निवली, पण दाजींचा हेवा गेला नाही, उलट त्याला नेमकं कारण मिळालं. त्यांना मिळालेला हा म्हातारा हलका, मोकळा, सी-सी करत मिरची खाणारा होता. माझ्या वाट्याला मुख्याध्यापक आला होता आणि तो मला आता बदलून मिळणार नव्हता.

मी उठून अजून एक प्लेट मागितली, दोघांत एक. ती दोघांच्या मध्ये धरली आणि हातानं खायला लागलो. अण्णांनी जरा वेळ पाहिलं. मग चमचा बाजूला ठेवला आणि एक भजं उचललं. मिरची तिखट निघाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तोंड उघडून हा हू करायला लागले. मी पाणी दिलं तर नको म्हणाले, याच्यावर चहाच लागतो.

त्यानंतर अण्णा तिकडे असले की मी जमेल त्या रविवारी नांदेडला जातो. कधी दाजी असतात, कधी मुद्दाम घरी थांबतात. अण्णा माझ्या प्लेटमध्ये अजून स्वतःहून काही टाकत नाहीत. मागितलं तर देतात. आणि तो गाडेवाला आता मला बघितलं की लांबूनच अण्णांना सांगतो, चचा, तुमचे लातूरचे पाव्हणे आले.