शिंगांच्या रंगाच्या चकत्या

अभिमनची जागा खड्ड्यात. धुळ्याहून पारोळ्याकडे निघालं की चार मैलांवर एका बागायतदाराचं पडीक रान लागायचं. तिथं दर रविवारी बंदूकवाल्यांची मंडळी जमायची. त्यांच्या समोर कमरेएवढा खड्डा, खड्ड्यात स्प्रिंगचं फेकयंत्र. अभिमननं त्याचा दांडा ओढायचा, वर तळहाताएवढी चकती ठेवायची, आणि मागून "पुल!" अशी आरोळी आली की खटका सोडायचा. चकती भिरभिरत आभाळात जायची, बंदूकवाला तिच्यावर बार टाकायचा. मंडळी चकतीला मातीचं कबुतर म्हणायची. माती तिच्यात औषधालाही नव्हती. डांबर आणि चुनखडीची भुकटी, बस.

सहा वर्षं अभिमननं हे केलं, पण एक चकती फुटताना पाहिली नाही. डोक्यावर पत्रा होता. तो ऐकायचा. बारामागोमाग ढेकळं सांडल्यासारखा आवाज आला की लागली. लांब कुठंतरी नुसतं धप् झालं की अख्खीच खाली उतरली.

चकती मूळची काळी. समोर निंबाची दाट रांग. दुपार कलली की काळी चकती त्या झाडांत अशी गडप व्हायची की भलाभला नेमबाज आंधळा व्हावा. चुना लावून पांढरी केली तर ढगाळ दिवशी आभाळच तिला गिळायचं. म्हणून मंडळीचे सेक्रेटरी बन्सीलाल नाना यांनी ठरवून टाकलं, स्पर्धेला सगळ्या चकत्या केशरी. "सकाळचा असो का दुपारचा, दिसायचं ते सगळ्यांना सारखं दिसेल. मग हरला त्यानं रडायचं नाही." रंगवायचं काम अर्थात अभिमनकडे. केशरी भुकटी, पाणी, जरासा डिंक, आणि एक हात.

अठ्ठ्याऐंशी साली पोळ्याच्या नऊ दिवस आधी अभिमनचा बैल पाखऱ्या पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. शिंगं रंगवायला आणलेला केशरी तेलरंगाचा डबा घरात तसाच राहिला. त्याची बायको भिकुबाई दोन दिवस जेवली नाही. अभिमन जेवला. कोणी विचारलं तर "पाखऱ्या गया" म्हणायचा, बस गेल्याचं सांगावं तसं. उरलेला बैल त्यानं मेव्हण्याच्या दावणीला नेऊन बांधला. पोळ्याला गल्लीत वाजंत्री वाजली, तीही त्याला पत्र्याखाली बसून ऐकल्यासारखी वाटली.

दोन आठवड्यांनी निवडीची स्पर्धा आली. पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला तिघांची नावं जायची होती. दहा नेमबाज, पाच-पाचांच्या दोन तुकड्या, एकेकाला वीस चकत्या. शंभर रंगवून झाल्या आणि भुकटी संपली. अभिमननं घरातला डबा फोडला. दोन्ही रंगांची एकेक चकती उन्हात शेजारी शेजारी धरून पाहिली. तसूभर फरक नव्हता. शिंगांना दोन हात देतात, म्हणून त्यानं उरलेल्या शंभर चकत्यांनाही दोन हात दिले.

त्या शंभर दुसऱ्या तुकडीच्या वाट्याला आल्या.

दुसऱ्या तुकडीत यावलचा गिरधर होता. केळीच्या बागेतली डुकरं हाकलायला वडिलांनी काढलेल्या परवान्यावरची जुनी बंदूक फडक्यात गुंडाळून दोन बस बदलून यायचा. या खेपेला नाव गेलं नाही तर बंदूक भावाच्या नावावर जाणार होती, हे त्यानं सकाळीच खड्ड्याच्या काठावर बसून अभिमनला सांगितलं होतं.

"पुल!"

बार झाला. तुकडे सांडले नाहीत. धप्.

"वाया!" मागून रुपचंद मास्तर ओरडले. गुण तेच द्यायचे.

"मास्तर, धूळ निघाली ना भाऊ! मले चांगली दिसली!"

"मलाही दिसली. तुकडा कुठं पडला? डोळ्यांना तुकडा दिसला पाहिजे. नियम आहे."

"डुकराच्या बंदुकीनं डुकरंच मरतात, गिरधर!" पहिल्या तुकडीतला छगन म्हणाला. पोरंसोरं हसावी तशी मोठी माणसं हसली.

वीस चकत्यांत गिरधरच्या अकरा 'धूळ' गेल्या. बाकीच्या चौघांचंही तेच. पुण्याला जाणारी तिन्ही नावं पहिल्या तुकडीची निघाली. छगननं पेढे आणायला माणूसही धाडला.

अभिमन गोणी घेऊन अख्ख्या उतरलेल्या चकत्या वेचायला गेला. एक उचलली. तिला सात भोकं होती. छर्रे आरपार गेलेले, आणि रंगाच्या कातड्यानं चकती धरून ठेवलेली. दुसरीला पाच. आसपास कोणी नव्हतं. गोणीचं तोंड उघडंच होतं. टाकली असती तर विषय तिथंच संपला असता.

तो परत आला. बैलाचं सांगायचा त्याच आवाजात म्हणाला, "नाना, या शंभर चकत्यासले शिंगेसना रंग शे. तेलना. भुकटी सरी गई व्हती. छर्रा आरपार जास, पन चकती फुटस नही."

नानांनी चकती हातात घेतली. भोकातून पलीकडचं ऊन दिसलं. "मला विचारलं का नाहीस?"

"रंग एकच व्हता, नाना."

"रंग एकच! अरे, दिसायला एकच करून काय उपयोग? फुटायला एकच नको?"

"आता झालं ते झालं," छगन म्हणाला. "आमचे गुण आमचेच."

रुपचंद मास्तरांनी वहीतलं पान फाडलं. "कोणाचेच नाहीत. सगळे पुन्हा. दहा-दहा, काळ्या."

"चार वाजले, मास्तर! निंबात काय दिसणार काळी?" छगन म्हणाला.

"जे तुला दिसणार नाही, ते या गिरधरलाही दिसणार नाही."

अभिमन खड्ड्यात उतरला. शंभर वेळा दांडा ओढला, शंभर वेळा सोडला. गिरधरच्या पाळीला त्यानं कान दिला. सात वेळा तुकडे सांडले, तीन वेळा धप्. छगनच्या पाळीला आठ वेळा सांडले. तिघांनी आठ किंवा वर मारल्या होत्या. गिरधर चौथा.

जाताना तो खड्ड्याशी थांबला. "कशाले बोलला रे तू? नाव त नाहीच गेलं."

"तुन्या अकरा लागेल व्हत्या."

गिरधरनं बंदुकीचं फडकं झटकलं. "सात त खऱ्या ना?"

"खऱ्या. आयक्या मी."

तो बंदूक गुंडाळून सडकेकडे गेला. मग नाना आले. पुढच्या रविवारपासून यायचं नाही, दुसरा माणूस पाहू, असं म्हणाले. अभिमन "हां" म्हणाला.

सगळे गेल्यावर अभिमननं दांडा रॉकेलनं पुसला, स्प्रिंगला ग्रीस लावलं. दांड्याची कड एका जागी धारेवर आली होती. सहा वर्षांत तिनं त्याची बोटं कितीदा कापली होती. त्याला ती ठाऊक होती, नव्या माणसाला नसणार. त्यानं गोणीची चिंधी फाडली, कडेवर तीन वेढे दिले आणि गाठ दातांनी आवळली.