धुलाई भत्त्याची सुमनताई

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपरखैरण्याच्या बाजारात गवार निवडत होते. तिची शेजारीण बोलत होती, "ताई गेली गं... सकाळी चहा ठेवला आणि बसल्या जागी..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. रडू यायच्या आधी मनात पहिलं आलं ते, अरे देवा, आता भाऊजींचं कसं होणार? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, कसं म्हणजे काय, तिनं ते कधीच करून ठेवलंय! भर बाजारात मी रडता रडता हसले. लोक बघत होते, बघू देत.

तुर्भ्याच्या एका मसाल्याच्या कंपनीत आम्ही दोघी सतरा वर्षं पॅकिंगला होतो. ती रत्नागिरीकडची, मॅट्रिक पास, आणि कागद दिसला की वाचल्याशिवाय न सोडणारी. वडा बांधून आलेलं पेपराचं चिटोरंसुद्धा ती उलगडून वाचायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, टेम्पो चालवायचा. एक दिवस त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मूलबाळ नाही. ती म्हणायची, "रंजे, मी आहे तोवर ठीक. मी गेल्यावर ह्यांना कोण बघणार? माझी पेन्शनच बघणार." आम्हाला तेव्हा पेन्शन म्हणजे सरकारी माणसांची गोष्ट वाटायची. आमचाही प्रॉव्हिडंट फंड कापतात आणि त्यातच पेन्शन असते, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग एका महिन्याला पगाराची स्लिप बदलून आली. एकूण आकडा तोच, पण मूळ पगार एकदम रोडावलेला आणि खाली नवा पाहुणा, 'धुलाई भत्ता'. चांगला गलेलठ्ठ. फंड कापला जातो मूळ पगारावर, त्यामुळे कापणी कमी झाली आणि हातात चार पैसे जास्त आले. आम्ही जाम खूश! मी तर सगळ्यांना कांदाभजी खिलवली. सुमनताईनं एकही भजी उचलली नाही.

"तुला काय खुपतंय गं?" मी विचारलं.

"आपलं कापतात तेवढंच कंपनीला पण घालावं लागतं, रंजे. आपलं कमी कापलं म्हणजे त्यांचं वाचलं. आणि म्हातारपणाची पेन्शन ह्या एवढ्याशा मूळ पगारावर धरणार. कळतंय का तुला, कशाची भजी खातेयस ते?"

मला राग आला. माझ्या पोराची फी भरायची होती, मला आजचं टेन्शन होतं. मी तोंडावर बोलले, "तुझ्या नवऱ्याच्या काळजीपायी आमच्या हातचं काढू नकोस." फार वाईट बोलले मी. आमचा दोन महिने अबोला होता. त्या दोन महिन्यांत तिनं जेवणाच्या सुट्टीत एकेकीला गाठून समजावलं आणि 'धुलाई भत्ता धरून फंड कापा' अशा अर्जावर सह्या गोळा केल्या. कुणीतरी म्हणालं, मग घरभाडं आणि ओव्हरटाइमही त्यात धरायला लावू की. तर ही म्हणाली, "ते कायद्यानंच बाहेर ठेवलंय. नाही ते मागितलं तर खरं आहे ते पण जाईल. आपण फक्त धुलाई धरायची." शेवटी मीही सही केली, तिच्याकडे न बघता.

फंडाच्या ऑफिसात सुनावणी लागली. मी गेले ती खरं तर तिची कशी फजिती होते ते बघायला. लाज वाटते, पण खरं तेच लिहिते. कंपनीचे साहेब टाय लावून आलेले. ते म्हणाले, हा भत्ता कामाचे कपडे धुण्याच्या खर्चासाठी आहे, हा पगार नव्हेच. अधिकाऱ्यांनी सुमनताईला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

ती शिफ्टवरून तडक आली होती, अंगात ॲप्रन तसाच. मिरचीची पूड घरी जाऊ नये म्हणून ॲप्रन गेटच्या आत उतरवून ठेवायचा, असा कंपनीचा कडक नियम. इतक्या वर्षांत तिनं तो त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. तिनं कॉलर उलटी केली आणि आतली काळी खूण दाखवली. "साहेब, ही धोब्याची खूण. ॲप्रन कंपनीचा, धोबी कंपनीचा, धोब्याचं बिल पण कंपनीचं. आमी ह्याला घरचं पाणी दाखवत नाय. मग धुलाई कसली? आणि ह्या टायवाल्या साहेबांच्या स्लिपवर पण धुलाई भत्ता हाय. ते कुठला ॲप्रन घालतात, विचारा की!"

अधिकारी वाकून खूण बघायला गेले आणि मिरचीनं अशी शिंक आली त्यांना, की समोरचे कागद उडाले. लागोपाठ दुसरी. सगळं ऑफिस हसलं. नाक पुसत त्यांनी साहेबांना सांगितलं, "शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सरसकट, दर महिन्याला मिळतो तो भत्ता नाही हो, पगारच आहे. नाव काहीही द्या." निकाल तसाच लागला. धुलाई भत्ता धरून फंड भरायचा, मागच्या फरकासकट! बाहेर आल्यावर मी तिच्या गळ्यात पडले आणि मलाही शिंका सुरू झाल्या. ती म्हणाली, "रड नीट, शिंकू नको." त्या दिवसापासून आख्ख्या एमआयडीसीत ती धुलाई भत्त्याची सुमनताई झाली. दुसऱ्या कंपन्यांतल्या बाया स्लिपा घेऊन तिच्याकडे यायच्या.

पुढे ती रिटायर झाली, दीडेक वर्ष स्वतःची पेन्शन घेतली. माझीही आता चालू आहे, धुलाई भत्ता धरून. दर महिन्याला मेसेज आला की मला ती भजी आठवते आणि कानशील तापतं.

गेल्या आठवड्यात भाऊजींकडे गेले होते. तिनं फॉर्म, फोटो, खात्याची झेरॉक्स सगळं एका फाईलला लावून ठेवलेलं, शेजाऱ्यांनी नुसता मृत्यूचा दाखला जोडून फंडाच्या ऑफिसात नेऊन दिलं. भाऊजी खिडकीपाशी बसले होते. मी मोसंबी सोलून देत होते तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डाव्या हातानं त्यांनी तो माझ्यापुढे धरला. बँकेचा मेसेज होता, पहिली पेन्शन जमा. मी मोठ्यानं वाचून दाखवला. एकेक शब्द ओढून काढत ते हसले.

"सुमनचा... पगार... झाला."